जळक्या ऑइलचा रिपोर्ट: किती मोजायचे, किती मानायचं

मेव्हण्याच्या पोकलेनच्या ऑइलचा रिपोर्ट आला, त्या संध्याकाळी मी सांगलीत त्याच्याच घरी होतो. कागदाच्या तळाशी लाल अक्षरांत ओळ होती: ऑइलमध्ये ५ टक्के डिझेल, नोझल तपासा. लगेच मिस्त्रीला फोन गेला, सकाळी नोझल उतरवायचं ठरलं आणि दुसऱ्या दिवशीचं खोदकाम रद्द झालं. जेवणं उरकल्यावर मी तो कागद पुन्हा हातात घेतला. लाल ओळीच्या चार ओळी वर १०० अंश तापमानाची व्हिस्कॉसिटी छापली होती, १४.४. पंधरा-डब्ल्यू-चाळीस ऑइल कोरं असतानाही साधारण तेवढंच दाट असतं. या ग्रेडची हद्दच १२.५ ते १६.३ आहे. वीस भागांत एक भाग डिझेल शिरलं, तर ऑइल चांगलंच पातळ व्हायला हवं. काजळीनं ऑइल दाट होतं आणि डिझेलचा पातळपणा त्याखाली झाकला जातो, हे खरं. पण काजळीचा आकडाही ०.३ टक्के, म्हणजे नगण्य होता. एकाच पानावरचे आकडे एकमेकांना खोटं पाडत होते आणि ते पान सही-शिक्क्यासह आलं होतं.

सकाळी लॅबला फोन केल्यावर कळलं, की डिझेल त्यांनी मोजलंच नव्हतं. ऑइलची वाफ किती अंशांवर क्षणभर पेट घेते, म्हणजे फ्लॅश पॉइंट, त्यावरून अंदाज बांधला होता. दुसरा नमुना दुसऱ्या लॅबला दिला, तिथे गॅस क्रोमॅटोग्राफीवर डिझेल एक टक्क्याच्या आत निघालं. नोझल उतरवले नाहीत. मशीनचा बुडालेला दिवस मात्र बुडालाच.

तेव्हापासून मी ट्रक, डंपर, पोकलेन, हार्वेस्टर बाळगणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो: ऑइल तपासून घ्या, जरूर घ्या, पण पहिले पैसे लॅबची परीक्षा घेण्यात घाला. इंजिनाची परीक्षा त्यानंतर.

खर्च कुठे कुठे होतो

दर लॅबनुसार, शहरानुसार आणि वर्षाला किती बाटल्या देणार त्यानुसार बदलतात, म्हणून कोटेशन लेखी मागा. ढोबळ अंदाज सांगायचा तर व्हिस्कॉसिटी, पाणी, काजळी आणि झिजेचे धातू एवढं बघणारं साधं पॅकेज हजार-दोन हजारांच्या आसपास बसतं. टीबीएन आणि टॅन या आम्लाशी संबंधित तपासण्या, गॅस क्रोमॅटोग्राफीवरचं इंधन, कार्ल फिशर पद्धतीनं पाणी असं सगळं घेतलं, की बिल तीन ते पाच हजारांकडे जातं. वर १८ टक्के जीएसटी. कुरिअरचा खर्च वेगळा, आणि विमानानं जाणाऱ्या पार्सलात ऑइल घ्यायला बरेच कुरिअरवाले नकार देतात, तेव्हा रस्त्यानं जायला लागणारे दोन-चार दिवस धरून चाला. मशीन कंपन्यांच्या स्वतःच्या तपासणी योजनाही असतात. त्यात बाटली, नळी आणि तपासणी एकाच किटमध्ये मिळते आणि दर बहुधा बाजारापेक्षा बरा पडतो.

हा खर्च कुणाला परवडतो? चारचाकीत चार लिटर ऑइल, मोटरसायकलीत एक लिटर. तिथे तपासणीच्या पैशात ऑइल बदलून होतं, तेव्हा बदलून टाका. सोसायटीचा जनरेटर वर्षातून पन्नास तास चालत असेल, तर त्याचं ऑइल तसंही वर्षाला बदलायचं असतं. मेंटेनन्सवाला तपासणीचं वेगळं बिल लावत असेल, तर कशासाठी ते विचारा. वीस-पंचवीस लिटरचं चेंबर, दिवसाला आठ-दहा तास काम आणि धुळीतली जागा, अशा मशीनला मात्र हा खर्च शोभतो. लिटरला तीनशे धरले तर नुसतं ऑइल सहा ते साडेसात हजारांचं. पण खरा फायदा ऑइल वाचण्यात नाही. क्रशरवर किंवा मुरमाच्या खाणीत एअर क्लीनरच्या पाइपाचा क्लॅम्प सैल झाला, तर बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. ऑइलमध्ये सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम जोडीनं चढायला लागतात, त्यांच्या मागोमाग लोखंड चढतं. तो कागद वेळेवर आला तर क्लॅम्पवर निभावतं, नाही आला तर इंजिनचं काम काढावं लागतं, आणि मोठ्या इंजिनाचं काम लाखांत जातं.

वॉरंटीतल्या मशीनचं ऑइल मात्र चांगल्या रिपोर्टच्या भरवशावर ठरलेल्या तासांपुढे चालवू नका. पुढे क्लेमच्या वेळी तो कागद तुमच्या बाजूनं उभा राहीलच असं नाही.

कोणता आकडा किती पक्का

रिपोर्टातले सगळे आकडे एका तोलाचे नसतात. लॅबवाले हे आपण होऊन सांगत नाहीत, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

व्हिस्कॉसिटी सर्वात भरवशाची. काचेच्या नळीतून ऑइल खाली उतरायला किती वेळ लागतो, एवढंच मोजायचं असतं. नीट चालणाऱ्या दोन लॅबमध्ये तिच्यात मोठी तफावत येता कामा नये. आली, तर दोघांपैकी एकीचं काहीतरी चुकलंय.

झिजेच्या धातूंचं तसं नाही. ते मोजायच्या एएसटीएम डी ५१८५ या पद्धतीत दोन चांगल्या लॅबनी एकाच बाटलीतलं लोखंड २० आणि २५ पीपीएम असं दिलं, तरी ते चूक धरत नाहीत. पद्धतीतच तेवढी सूट आहे. म्हणून मागच्या वेळी एका लॅबकडून २० आलं आणि आता दुसरीकडून २५ आलं, एवढ्यावरून झीज वाढली म्हणता येत नाही. शिवाय आकडा तासांवर वाटून बघावा लागतो. २५० तासांच्या ऑइलमध्ये ४० पीपीएम लोखंड हे ५०० तासांच्या ६० पीपीएमपेक्षा वाईट आहे, कारण पहिल्यात झीज वेगानं होतेय. मधे पाच लिटर टॉप-अप केलं आणि लॅबला कळवलं नाही, तर सगळेच आकडे फसवे गोड होतात.

या तपासणीची एक आंधळी बाजूही आहे. यंत्राच्या ज्योतीत साधारण ५ ते १० मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट जळतात, त्याहून मोठे निसटतात. बेअरिंगचा शेल सोलून निघत असेल, तर त्याचे कण मोठे असतात आणि रिपोर्ट निवांत दिसतो. मोठ्या लोखंडी कणांसाठी पीक्यू नावाची वेगळी, स्वस्त तपासणी असते. तिच्यात चुंबकाला दाद देणारं सगळं लोखंड मोजलं जातं, कण लहान असो की मोठा. ती पॅकेजमध्ये आहे का ते विचारा. तांबं-शिशाचे तुकडे मात्र तिलाही दिसत नाहीत. त्यासाठी ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडून बघायची. कापताना हेक्सॉ वापरू नका, ब्लेडचाच कीस आत पडतो आणि मग तो इंजिनचा म्हणून घबराट होते. फिरवून कापायचं कटर मिळतं, ते एकदाच घ्यायचं.

टीबीएन, म्हणजे आम्ल मारायची ऑइलची उरलेली ताकद, यात सर्वात जास्त गोंधळ होतो. ती मोजायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत, डी २८९६ आणि डी ४७३९. वापरलेल्या ऑइलमध्ये दुसरीचा आकडा बहुधा पहिलीपेक्षा खाली येतो. ऑइलच्या डब्याच्या माहितीपत्रकावरचा आकडा सहसा पहिल्या पद्धतीचा असतो. लॅबनं दुसरी वापरली असेल आणि तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिलंत, तर चांगलं ऑइल संपलेलं वाटेल. रिपोर्टवर पद्धतीचा क्रमांक नसेल, तर तो टीबीएन वाचूच नका.

आणि नुसत्या एका धातूला घाबरू नका. नव्या इंजिनात ऑइल कूलरमधून तांबं सुटतं, ते पुढे आपोआप खाली येतं. गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉन पेस्टमुळेही सिलिकॉन वाढतो, पण तेव्हा ॲल्युमिनियम आणि लोखंड जागेवर असतात. सोडियम-पोटॅशियम वाढले तर कूलंट गळतंय असं लॅब लिहिते. काही ऑइलच्या मिश्रणातच सोडियम असतो, म्हणून आधी कोऱ्या ऑइलची एक बाटली तपासून तिचा कागद फाइलला लावून ठेवा. हा खर्च एकदाच करायचा असतो, आणि तो टाळणारे पुढे बहुतेक फसतात.

लॅबची परीक्षा

ही मी स्वतः करतो, तशीच सांगतो. इंजिन तापलेलं असतानाच चेंबरखाली बसायचं. हातात जाड मोजे हवेतच, ऑइल भाजतं. ड्रेन प्लग काढल्यावर पहिली धार पातेल्यात जाऊ द्यायची, तळाचा गाळ तिच्यात असतो. धार मधे आली की कोरड्या, कोऱ्या बाटलीत अर्धा लिटर धरायचं. पाण्याची रिकामी बाटली चालणार नाही, आतला एक थेंबसुद्धा रिपोर्ट बिघडवतो. मग बाटली तोंड बांधून दोन-तीन मिनिटं चांगली खळखळून हलवायची, कारण काजळी आणि धातू तळाशी बसतात आणि न हलवता वाटलं तर दोन वेगळीच ऑइलं तयार होतात. लगेच तीन छोट्या बाटल्या भरायच्या.

पहिलीवर मशीनचा खरा नंबर. दुसरीवर दुसऱ्या मशीनचा नंबर, दुसरे तास, आणि ती त्याच लॅबला दोन दिवसांनी पाठवायची. तिसरी सील करून, तारीख घालून कपाटात.

दोन रिपोर्ट आले की शेजारी ठेवा. व्हिस्कॉसिटी जवळपास तंतोतंत जुळायला हवी. धातू थोडे इकडेतिकडे चालतील. एकात काजळी ०.३ आणि दुसऱ्यात १.५, किंवा एकात पाणी आणि दुसऱ्यात नाही, असं दिसलं तर त्या लॅबला तुमची मशीनं देऊ नका. दोन्ही रिपोर्टांच्या खालची शेऱ्याची ओळही वाचा. आकडे सारखे आणि सल्ला वेगळा असेल, तर सल्ला देणारा माणूस आकडे बघत नाहीये. या परीक्षेला एका जादा पॅकेजचे पैसे लागतात. मला विचाराल तर पाच हजारांच्या भारी पॅकेजआधी हे दीड हजार घालवा.

प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का बघाच, पण तो कशासाठी आहे तेही बघा. मान्यता आख्ख्या लॅबला मिळत नाही, ठरावीक तपासण्यांना मिळते, आणि त्यांची यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. ट्रान्सफॉर्मर ऑइलसाठी मान्यता असलेली लॅब इंजिन ऑइलही तपासून देते, तेव्हा त्या कामाला मान्यतेचा आधार असेलच असं नाही. फोनवर तीन गोष्टी विचारा: डिझेल कशावर मोजता, टीबीएन कुठल्या पद्धतीनं, आणि निकालाबद्दल शंका आली तर उरलेल्या नमुन्यातून पुन्हा तपासून देता का, किती दिवस नमुना जपता. उत्तर द्यायला जो बाचकतो, त्याच्याकडे जाऊ नका.

लॅब एकदा ठरली की बदलू नका. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनांचं ऑइल तपासायला शेडचीच प्रयोगशाळा असते. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी १९४० च्या दशकात धातू मोजून झीज ओळखायची पद्धत सुरू केली, तीही अशाच नेमावर उभी राहिली: तेच इंजिन, तीच जागा, तेच यंत्र, ठरलेल्या तासांनी. एका रिपोर्टवर इंजिन उघडू नका. तीन रिपोर्ट ओळीनं चढते दिसले, तर मात्र थांबूही नका. याला अपवाद कूलंटचा. सोडियम-पोटॅशियमसोबत पाणीही दिसलं, तर मशीन उभं करून हेड गॅस्केट आणि ऑइल कूलर त्याच दिवशी बघा, बेअरिंग वाट पाहत नाहीत.

पाण्याची शंका तर घरीही फिटते. पत्र्याचा तुकडा चांगला तापवून त्यावर ऑइलचा एक थेंब टाकायचा. हजारात एक भाग पाणी असलं तरी तडतडतं. उघड्यावर करा, चष्मा घाला, आणि घरातला तवा यासाठी वापरू नका. टिपकागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवला, तर मधे काळा गोळा घट्ट बसलाय की काजळी कडेपर्यंत पसरलीय तेही दिसतं. पसरली असेल तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. हे लॅबला पर्याय नाहीत, पण लॅब काही भलतंच सांगत असेल तर शंका यायला पुरतात.

लॅबच्या चुकीच्या कागदावरून खर्च झाला, तर गप्प बसू नका. आधी लेखी तक्रार, फेरतपासणीची मागणी आणि बिलाची प्रत. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा लागू होत नाही असं सांगून वाटेला लावतील. पण पोटापाण्यासाठी स्वतःच मशीन चालवणारा माणूस ग्राहक धरला जाऊ शकतो, तेव्हा तेवढ्यावर माघार घेऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि तेव्हा कपाटातली ती तिसरी, सील केलेली बाटली बाहेर काढायची. तिच्यावर तारीख, मशीनचा नंबर, अवर मीटरचा आकडा, ऑइलचा ब्रँड आणि टॉप-अपचे लिटर लिहिलेले असू द्या. सीलवर तुमच्याबरोबर मिस्त्रीचीही सही घ्या.