पुढची पाटी

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याच्या उत्तरेकडील खोऱ्याला आंदर मावळ म्हणतात. आंद्रा नदीवरून हे नाव पडले. या नदीचे पाणी ठोकरवाडीच्या धरणाने अडविले असून ते १९२२ सालापासून सह्याद्रीच्या पोटातून खाली भिवपुरीच्या वीजघराकडे नेले जाते. ज्या कंपनीने हे काम केले तिच्या नावात ‘आंध्र’ हा शब्द होता. परंतु त्याचा तेलुगू मुलखाशी काही संबंध नव्हता. आंद्रा या नावाचे ते इंग्रजी वळण होते, इतकेच. खोऱ्याच्या वरच्या अंगाला खांडी, सावळे, कुसूर अशी गावे आहेत. कुसूरच्या घाटाने एके काळी लादलेले बैल कोकणात उतरत व वर चढत. खालच्या अंगाला टाकवे बुद्रुक हे मोठे गाव लागते. तेथून इंद्रायणी ओलांडली की कान्हे फाट्यावर मुंबई-पुण्याचा जुना रस्ता येऊन मिळतो.

या खोऱ्यात भाताची खाचरे आहेत, तशी दुभती जनावरेही आहेत. पहाटे धारा काढाव्यात, दूध कॅनमध्ये भरावे आणि ते नासण्याच्या आत कान्ह्याला पोहोचवावे, हा येथील कित्येक घरांचा नित्याचा क्रम आहे. पूर्वी हे दूध डोक्यावरून किंवा सायकलीवरून जाई. आता ते मोटारसायकलीवरून जाते. गाडीच्या दोन्ही अंगांना कॅन टांगलेले असतात, मधे स्वार बसलेला असतो, आणि रस्त्याला खड्डा आला की कॅनची झाकणे खडखड वाजतात.

असाच एक तरुण दूधवाला श्रावणातल्या एका सकाळी फाट्यावर येऊन पोहोचला. तेथे पोलीस वाहने तपासत उभे होते. हवालदारांनी हात दाखविताच त्याने गाडी बाजूला घेतली.

“पुढची पाटी कुठे आहे?” हवालदारांनी विचारले.

“साहेब, आठ दिवसांमागं वरच्या रस्त्याला चिखलात गाडी घसरली. तेव्हाच पाटी मोडली. मागची आहे की! नंबर तर तोच आहे.”

“मागची पाटी गाडी निघून गेल्यावर दिसते. तू समोरून येत असताना तुला ओळखायचं कसं?”

“मला कोण ओळखत नाही, साहेब? टाकव्यापासून खांडीपर्यंत कुणालाही विचारा.”

हवालदार हसले. “तिकडे ओळखत असतील रे. पण या रस्त्यावरून मुंबईची माणसं जातात, सोलापूरची जातात. त्यांना तू कोण, हे कसं कळावं?”

त्यांनी कागदपत्रे मागितली. वाहन चालविण्याचा परवाना, नोंदणीचे प्रमाणपत्र आणि विमा ही तिन्ही त्या तरुणाने मोबाइल फोनवर दाखविली. सरकारी ‘डिजिलॉकर’मध्ये ठेवलेली अशी कागदपत्रे २०१८ सालच्या नियमदुरुस्तीपासून ग्राह्य धरली जातात. हवालदारांनी हातातील यंत्रावर गाडीचा क्रमांक घालून दंडाचे चलन केले व नवी पाटी लवकर बसवून घेण्यास सांगितले. “आता नीघ. दूध नासेल,” असे म्हणून त्यांनी त्याला वाट मोकळी करून दिली.

त्या तरुणाचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. आंदर मावळातल्या एखाद्या वाडीत बैल सुटून दुसऱ्याच्या खाचरात शिरला, तर तो कोणाचा हे शिंगांच्या वळणावरून पोरेसुद्धा सांगतात. तेथे बैलाला क्रमांक लागत नाही. जोवर वाहने थोडी होती व ती आपल्याच मुलखात फिरत होती, तोवर त्यांनाही तो लागला नाही. यंत्राची गाडी आली तेव्हा मात्र हा हिशेब मोडला. ती तासाभरात तीन गावे ओलांडते. कोणाला धक्का देऊन ती पुढे गेली, तर तिचा मालक कोण हे सांगणारा माणूस जागेवर सापडत नाही.

ही अडचण प्रथम युरोपातील शहरांना जाणवली. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली मोटारींवर मालकाचे नाव, पत्ता आणि क्रमांक असलेली पाटी लावण्याचा हुकूम काढला. पुढे नाव व पत्ता गळाला आणि क्रमांक तेवढा राहिला. कारण धावत्या गाडीवरचा पत्ता वाचणार कोण? ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीला क्रमांक घेणे भाग पडले. हिंदुस्थानात आधी निरनिराळ्या इलाख्यांचे वेगवेगळे नियम होते. १९१४ साली सर्व देशासाठी मोटारवाहनांचा कायदा झाला, १९३९ साली दुसरा झाला, आणि १९८८ साली झालेला तिसरा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. आजचा कायदा तो हाच.

१९८९ पर्यंत गाडीच्या पाटीवर तीन अक्षरे आणि त्यांपुढे चारपर्यंत आकडे असत. नव्या पद्धतीत क्रमांक पाहताच गाडीचा मुलूख कळतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, म्हणजे महाराष्ट्राची ‘एम एच’. त्यापुढचे दोन आकडे परिवहन कार्यालयाचे. पुण्याचे बारा आणि पिंपरी-चिंचवडचे चौदा. मावळ तालुका पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयाकडे असल्यामुळे आंदर मावळातील बहुतेक गाड्यांवर चौदाचा आकडा दिसतो. त्यानंतर मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार आकडे येतात. मालिकेत इंग्रजी ‘आय’ व ‘ओ’ ही अक्षरे वापरीत नाहीत; घाईत पाहणाऱ्याला ती एक आणि शून्य वाटावयाची.

पाटीचा रंगही बोलका असतो. खाजगी गाडीची पाटी पांढरी आणि अक्षरे काळी. भाड्याने माल अगर उतारू नेणाऱ्या गाडीची पाटी पिवळी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या पाट्या हिरव्या असतात. अक्षरांचे मापसुद्धा नियमाने बांधून दिले आहे. मोटारीच्या पाटीवरील अक्षर ६५ मिलिमीटर उंच आणि त्याची रेघ १० मिलिमीटर जाड असावी लागते. मोटारसायकलीच्या पुढच्या पाटीवर जागा थोडी, म्हणून तेथे सामान्यतः ३० मिलिमीटर उंची पुरते. रात्री मागच्या पाटीवर पांढरा उजेड पडून ती १५ मीटरांवरून वाचता आली पाहिजे.

इतके बारकाईने सांगूनही हौशी लोक ऐकत नाहीत. चार, एक, चार, एक हे आकडे असे मुरडतात की त्यांतून ‘दादा’ असा शब्द दिसावा. दोन, एक, चार या आकड्यांतून ‘राम’ काढणारेही आहेत. कल्पकता म्हणून त्याचे कौतुक होईल. पण रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाने डोळे किलकिले करून त्या गाडीचा क्रमांक वाचावयाचा म्हटले, तर त्याला काय बोध होणार? इंग्रजी अक्षरे आणि सर्व देशांत चालणारे आकडे यांशिवाय दुसरी लिपी पाटीवर चालत नाही. मराठी माणसाला हे थोडे खटकते. परंतु मावळातील टेंपो उद्या बंगालात गेला, तर तेथील शिपायालाही त्याचा क्रमांक वाचता आला पाहिजे.

आता पुढच्या पाटीचा प्रश्न. अमेरिकेतील फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या काही राज्यांत मोटारीला मागे एकच पाटी असली तरी चालते. ब्रिटनमध्ये मोटारसायकलीच्या पुढच्या चाकावर उभी, पातळ, धारदार पाटी असे. पादचाऱ्याला तिची पात्यासारखी इजा होई, म्हणून १९७५ साली तिची सक्ती काढून टाकण्यात आली. तेव्हा पुढची पाटी नको म्हणणारे सारेच चुकीचे, असे नव्हे. भारतात मात्र दोन्ही पाट्या हव्यात. येथील मोटारसायकलीवर पुढची पाटी आडवी, मूठदांड्याला समांतर किंवा चिखलपट्टीवर लावतात. त्यामुळे ती पात्यासारखी उभी राहत नाही.

गाडी अंगावर येते ती समोरून. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या माणसाला, चौकातील शिपायाला, नाक्यावरील कारकुनाला प्रथम दिसते ती तिची पुढची बाजू. मावळातूनच जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खांबांवर कॅमेरे बसविलेले आहेत. गाडीचा वेग मोजला जातो, पाटीचे चित्र टिपले जाते, आणि यंत्र त्यावरची अक्षरे वाचून मालकाच्या नावे चलन पाठविते. पाटी नसेल किंवा चिखलाने माखली असेल, तर यंत्राला गाडी दिसते, पण कोणाची ते कळत नाही.

पाटी म्हणजे नुसता पत्रा नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. तिच्या मागे एक नोंद असते. गाडीच्या सांगाड्यावर एक क्रमांक कोरलेला असतो आणि इंजिनावर दुसरा. हे दोन्ही, मालकाचे नाव व पत्ता आणि पाटीवरील क्रमांक एका ठिकाणी नोंदलेले असतात. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बाँबस्फोट झाले, त्या वेळी वरळीला शस्त्रे असलेली एक गाडी बेवारस सापडली. तिच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या एका इमारतीपर्यंत पोहोचले, आणि एवढ्या मोठ्या गुन्ह्याचा पहिला धागा हाती लागला.

अर्थात चोर पाटी बदलू शकतो. रंगाऱ्याकडून पाटी रंगवून घेण्याच्या दिवसांत ते फारच सोपे होते. म्हणून १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना विशेष सुरक्षेची पाटी आली. ती ॲल्युमिनियमची असते. तिच्यावर अशोकचक्राचे चकाकणारे चिन्ह आणि लेसरने कोरलेला दहा आकडी खूणक्रमांक असतो. तिच्या खिळ्या एकदा बसल्या की तोडल्यावाचून निघत नाहीत आणि तुटल्या की पुन्हा बसत नाहीत. महाराष्ट्रात २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही अशा पाट्या लावण्याचे काम २०२५ साली चालू होते. परंतु गाड्यांची संख्या इतकी होती की मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. त्या दूधवाल्यालाही टाकव्याच्या बाजारात पत्रा रंगवून भागणार नव्हते. त्याला नेमलेल्या केंद्राकडूनच पाटी घ्यावयाची होती.

दंडाची रक्कम मोठी नसते. अशा सामान्य नियमभंगाला २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत आणि पुढे दीड हजारांपर्यंत दंड होतो. खरे नुकसान दुसऱ्याच कोणाचे तरी होते. प्रत्येक गाडीचा असा विमा कायद्याने सक्तीचा आहे की, तिच्यामुळे रस्त्यावरील तिऱ्हाईताला इजा झाल्यास त्याला भरपाई मिळावी. गाडी ओळखता आली, तर अपघातग्रस्ताचे कुटुंब न्यायाधिकरणाकडे जाते. मृताचे वय, त्याची मिळकत, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे हे सर्व पाहून रक्कम ठरते आणि विमा कंपनी ती देते. घरातल्या कमावत्या माणसाच्या बाबतीत ही रक्कम पुष्कळदा मोठी असते. पण धडक देणारी गाडी पळून गेली आणि ती कोणती हे कळलेच नाही, तर सरकारच्या योजनेतून ठरावीक मदत तेवढी मिळते. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये, गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार. १ एप्रिल २०२२ पूर्वी हे आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते.

पहाटेच्या अंधारात डोक्यावर गवताचा भारा घेऊन एखादी बाई टाकव्याच्या रस्त्याने चालली आहे. मागून गाडीचा धक्का लागतो. भारा एकीकडे, बाई दुसरीकडे. समोरच्या बांधावर उभ्या असलेल्या मुलाने ती गाडी येताना पाहिली आहे. सबंध क्रमांक त्याला टिपता आला नाही, तरी शेवटचे दोन आकडे आणि गाडीचा रंग एवढेही तो सांगू शकला, तर पोलिसांचे काम पुष्कळ हलके होते. नोंदणीच्या यादीतून त्या जातीच्या, त्या रंगाच्या, त्या आकड्यांवर संपणाऱ्या गाड्या निवडून काढता येतात. हजारो गाड्यांतून काही मोजक्या उरतात, आणि त्यांच्या मालकांची दारे एकेक करून ठोठावणे हे मग फक्त पायपिटीचे काम असते.