आधी पाय, मग हात

१९७४ साल. इंग्लंडमधील विम्बल्डनच्या हिरवळीवर पुरुषांच्या एकेरीचा उपान्त्य सामना चालू होता. जाळ्याच्या एका बाजूस होता अमेरिकेचा स्टॅन स्मिथ. वय २७ वर्षे, उंची ६ फूट ४ इंच, आणि दोनच वर्षांपूर्वी याच मैदानावर मिळविलेले अजिंक्यपद. दुसऱ्या बाजूस होता ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल. त्याचे वय ३९ वर्षे व उंची जेमतेम ५ फूट ७ इंच. त्याच्या किरकोळ अंगकाठीमुळे सोबती त्याला थट्टेने 'मसल्स', म्हणजे 'स्नायूवाला', म्हणत. स्मिथने पहिले दोन सेट जिंकले. आता रोझवॉलचे काय उरले, असेच कोणालाही वाटले असते. परंतु पुढचे तिन्ही सेट रोझवॉलने जिंकले आणि तो अंतिम सामन्यात जाऊन पोहोचला.

रोझवॉलची सर्व्हिस कधीच धडकी भरविणारी नव्हती. त्याचा बॅकहँड मात्र जगप्रसिद्ध होता. आणि त्या बॅकहँडला आधार होता त्याच्या पायांचा. धापा टाकीत चेंडूमागे धावण्याची वेळ तो स्वतःवर सहसा येऊ देत नसे. चेंडू जेथे यावयाचा, तेथे तो आधीच पोहोचून तोल सावरून उभा असे. टेनिसमध्ये नाव मिळते ते हाताला. पण हाताला काम करण्याची संधी मिळवून देतात ते पाय.

एकेरीचे टेनिसचे मैदान ७८ फूट लांब व २७ फूट रुंद, म्हणजे सुमारे २३.८ मीटर लांब आणि ८.२ मीटर रुंद असते. जाळ्याने त्याचे दोन सारखे भाग होतात. आपल्या भागाचे रक्षण प्रत्येक खेळाडूला एकट्याने करावयाचे असते. आता थोडे गणित करून पाहावे. ताशी ९० किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू एका सेकंदात २५ मीटर जातो. हवेचा विरोध आणि जमिनीवरचा टप्पा यांमुळे त्याचा वेग वाटेत कमी होतो, हे खरे. तरीही मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचण्यास त्याला एक सेकंदाहून थोडाच अधिक वेळ लागतो. एवढ्या अवधीत खेळाडूने चेंडू पाहावयाचा, त्याची दिशा ओळखावयाची, तेथवर जावयाचे आणि फटकाही मारावयाचा!

मग धावावयाचे तरी किती? मध्यावर उभ्या असलेल्या खेळाडूपासून बाजूची रेषा सुमारे ४ मीटरांवर असते. हात आणि रॅकेट यांची पोच एक मीटरहून अधिक असते. म्हणजे उरतात सुमारे ३ मीटर. हे अंतर काही फार नव्हे. वेळ मात्र फार थोडा असतो. म्हणूनच शंभर मीटरांच्या शर्यतीत पहिला येणारा मुलगा टेनिसच्या मैदानावर मागे पडू शकतो, आणि शर्यतीत मागे राहणारा एखादा मुलगा येथे प्रत्येक चेंडू गाठतो. पहिल्या पावलाला उशीर झाला, तर पुढच्या वेगाने ती उणीव भरून निघत नाही.

पहिले पाऊल वेळेवर पडावे म्हणून खेळाडूने उभे कसे राहावे, हे आधी शिकले पाहिजे. दोन्ही पायांत खांद्यांच्या रुंदीहून किंचित अधिक अंतर असावे. गुडघे थोडे वाकलेले असावेत. शरीराचा भार टाचांवर न देता चवड्यांवर द्यावा. रॅकेट दोन्ही हातांनी शरीरापुढे धरावी. खो-खोमध्ये पाठलाग चुकविणारा गडी टाचा टेकून ताठ उभा राहिला, तर त्याचे काय होते, हे मुलांना सांगावयास नको. टेनिसमध्येही तेच होते.

या स्थितीतून निघण्यापूर्वी निष्णात खेळाडू एक लहानशी उडी घेतो. तिला 'स्प्लिट स्टेप' असे म्हणतात. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूकडे येऊ लागली, की पाय जमिनीपासून इंच-दोन इंच उचलावयाचे, आणि चेंडूला फटका बसण्याच्या सुमारास दोन्ही चवड्यांवर हलकेच उतरावयाचे. ही उडी पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. पण तिचे दोन मोठे लाभ आहेत. उतरताना गुडघे वाकतात, पायांचे स्नायू ताणले जातात आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे ते शरीराला पुढच्या हालचालीसाठी रेटा देतात. शिवाय दोन्ही पायांवर सारखा भार असल्यामुळे डावीकडे, उजवीकडे, पुढे वा मागे, कोठेही निघण्यास शरीर मोकळे असते. मात्र या उडीची वेळ साधली पाहिजे. फार लवकर उडी घेणारा खेळाडू उतरून पुन्हा ताठर होतो. उशिरा घेणारा हवेत असतानाच चेंडू वाट काढून जातो. कारण पाय जमिनीला लागेपर्यंत कोणालाही दिशा बदलता येत नाही.

चेंडूची दिशा कळताच त्या बाजूचे पाऊल बाहेरच्या अंगास वळवावे आणि त्याबरोबरच कंबर व खांदेही वळवावेत. चेंडू दूर असेल, तर दुसरा पाय पहिल्यासमोरून ओलांडून धाव घ्यावी. चेंडू जवळ असेल, तर पायांची कातरी न करता बाजूला सरकत जावे. पहिली पावले लांब टाकावीत. पण चेंडूच्या जवळ येताच ती आखूड करावीत. विहिरीच्या काठाशी येणारा माणूस आपोआप पावले आखडती घेतो, कारण तेथे एका पावलाची चूकही परवडत नाही. चेंडूपाशीही तसेच आहे. लहान पावलांनी अंतर वीतभर कमी-अधिक करता येते, आणि चेंडू कमरेच्या उंचीवर, शरीरापुढे, हवा तेवढ्याच अंतरावर मिळतो. ज्याची पावले शेवटपर्यंत लांबच राहतात, त्याला एक तर चेंडू अंगावर येतो, नाहीतर हात ताणून कसाबसा टोलवावा लागतो. मग तो म्हणतो, "माझा हात आज चालत नाही." पण बिचाऱ्या हाताचा त्यात काय दोष?

फटका मारला म्हणजे काम संपले, असे नवशिक्यास वाटते. तो आपल्या फटक्याकडे कौतुकाने पाहत उभा राहतो आणि तेवढ्यात चेंडू त्याच्या रिकाम्या बाजूने निघून जातो. फटक्यानंतर योग्य जागी परतणे, हा फटक्याचाच भाग समजला पाहिजे. ती जागा नेहमी मध्यखुणेवरच असते असे मात्र नाही. येथे भूमिती उपयोगी पडते.

समजा, आपल्या उजव्या कोपऱ्यातून खेळाडूने चेंडू तिरपा मारला आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या कोपऱ्यात गेला. कागदावर मैदानाची आकृती काढून प्रतिस्पर्ध्याच्या जागेपासून दोन रेषा काढाव्या. एक रेषा बाजूच्या रेषेलगत सरळ आणावी. दुसरी तिरपी न्यावी आणि आपल्या भागातील सर्व्हिसची रेषा जेथे उजव्या बाजूच्या रेषेला मिळते, त्या बिंदूतून जाऊ द्यावी. प्रतिस्पर्ध्याचे बहुतेक फटके या दोन रेषांच्या आत येतील. त्यांमधील कोनाचा दुभाजक आपल्या मागच्या रेषेला मध्यखुणेच्या सुमारे एक मीटर उजवीकडे छेदतो. खेळाडूने परतावयाचे ते तेथे. हाच चेंडू त्याने सरळ बाजूच्या रेषेने मारला असता, तर त्याला मध्यखूण ओलांडून तितकेच डावीकडे जावे लागले असते. म्हणजे तिरप्या फटक्याने परतीची वाट सुमारे २ मीटरांनी वाचते. शिवाय जाळे खांबांपाशी साडेतीन फूट, तर मध्ये ३ फूट उंच असते, आणि तिरपा फटका बहुधा मध्यावरून जातो. अडचणीत सापडलेले अनुभवी खेळाडू चेंडू तिरपा का मारतात, याचे उत्तर यात आहे.

या सर्व गोष्टी शिकण्यास टेनिसचे मैदानच हवे असे नाही. दोरीवरच्या उड्यांनी चवडे व पिंढऱ्या बळकट होतात. अंगणात ४ मीटरांच्या अंतरावर खडूने दोन खुणा कराव्या आणि गुडघे वाकवून, पायाला पाय न लावता, त्यांच्यामध्ये २० सेकंद बाजूला सरकत जावे. मग विश्रांती घेऊन पुन्हा करावे. दोघे मिळून एक आणखी चांगला सराव करता येतो. एकाने दोन्ही हातांत एकेक चेंडू धरून हात खांद्याइतके उंच करावे. दुसऱ्याने ३ मीटरांवर, रॅकेट न घेता, सज्ज उभे राहावे. पहिल्याने कोणताही एक चेंडू सोडावा आणि दुसऱ्याने त्याचा दुसरा टप्पा पडण्यापूर्वी तो झेलावा. चेंडू कमरेजवळ दोन्ही हातांत आला, तर पाय वेळेवर पोहोचले. हात लांब करून झडप घालावी लागली, तर पायांना उशीर झाला. हातात रॅकेट नसल्यामुळे येथे कोणतीही सबब चालत नाही.

सराव करण्यापूर्वी हलके धावून अंग गरम करावे. टेनिससाठी बूट बाजूनेही पायाला आधार देणारे हवेत. केवळ सरळ धावण्याकरिता केलेल्या बुटांनी बाजूला वळताना घोटा मुरगळण्याचा संभव असतो. ओल्या जमिनीवर जोराने वळू नये. मातीच्या मैदानावर कसलेले खेळाडू घसरत जाऊन चेंडू गाठतात, पण ते कौशल्य शिक्षकाच्या देखरेखीखाली हळूहळू शिकावयाचे असते.

त्या वर्षीच्या विम्बल्डनमध्ये पुढे काय झाले? अंतिम सामन्यात रोझवॉलची गाठ २१ वर्षांच्या जिमी कॉनर्सशी पडली आणि तो ६-१, ६-१, ६-४ असा हरला. विम्बल्डनच्या एकेरीचा अंतिम सामना तो चार वेळा खेळला. ते अजिंक्यपद मात्र त्याला कधीच लाभले नाही. चांगल्या पदन्यासाने प्रत्येक सामना जिंकता येतोच असे नाही. परंतु १९५३ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियाचे अजिंक्यपद मिळविणाऱ्या याच खेळाडूने १९७२ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, ते पुन्हा जिंकून दाखविले. उंची आणि बळ ज्याच्या त्याच्या वाट्याला येईल तेवढेच येते. वेळेवर सज्ज होणे, पहिले पाऊल न चुकविणे आणि काम होताच पुन्हा आपल्या जागी येणे, एवढे मात्र प्रत्येकाला अभ्यासाने साधता येते.

स्वाध्याय

१. शर्यतीत पहिला येणारा मुलगा टेनिसमध्ये मागे का पडू शकतो?
२. 'स्प्लिट स्टेप' फार लवकर किंवा फार उशिरा घेतल्यास काय होते?
३. मैदानाची आकृती काढून, तिरप्या फटक्यानंतर खेळाडूने कोठे परतावे ते दाखवा.
४. तुमच्या आवडीच्या एखाद्या खेळात पायांचे काय महत्त्व आहे, ते दहा ओळींत लिहा.