कॉफीचं मशीन भेट देताना : वाचकांच्या शंका

दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लोक स्वतःच्या कॉफीबद्दल विचारतात. या दिवसांत मात्र आईला, व्याह्यांना, मैत्रिणीला कुठलं मशीन द्यावं, असं विचारतात. त्यांतली काही पत्रं आणि माझी उत्तरं इथे देते.

आई-बाबांच्या लग्नाला डिसेंबरात चाळीस वर्षं होतील. आम्ही तिघं भावंडं मिळून त्यांना कॉफीचं मशीन देणार आहोत. आईला कॉफी फार प्रिय. ती इन्स्टंट पावडर साखरेबरोबर फेटते आणि वरून कपभर उकळतं दूध ओतते. दाणे दळण्यापासून दूध फेसाळण्यापर्यंत सगळं बटणावर करणारं ऑटोमॅटिक मशीन घ्यायचं जवळजवळ ठरलंय. तुमचं मत? — एक वाचक, ठाणे

पैसे भरण्याआधी आईचा कप एकदा नीट पाहा. त्यात जवळजवळ सगळं दूधच आहे आणि ते फुंकून प्यावं इतकं गरम आहे. ऑटोमॅटिक मशीन असा कप देत नाही. त्यातून आधी ३०-४० मिलिलिटर एस्प्रेसो निघते आणि मग त्यात वाफेने फेसाळलेलं दूध येतं. हे दूध ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच ठेवतात, कारण त्याहून फार तापवलं तर फेस टिकत नाही आणि दुधाचा गोडवाही जातो. उकळत्या दुधाची सवय असलेल्या माणसाला ही कॉफी कोमट लागते. शिवाय ताज्या दाण्यांचा कडूपणा आणि किंचित आंबट झाक तिच्या जिभेला नवी असेल. अनेक घरांत असं मशीन पहिला महिना कौतुकाने चालतं आणि मग ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं जातं. मशीन चांगलंच असतं, पण त्या घरात पिणारं कोणी नसतं.

तिची नेहमीची पावडर मशीनमध्ये घालून चालेल का, असं पुढे मनात येईलच. नाही चालणार. इन्स्टंट म्हणजे एकदा काढून वाळवलेली कॉफी. ती पाण्यात पूर्ण विरघळते, त्यामुळे मशीनला तिच्यातून काढण्यासारखं काही उरत नाही आणि आतले मार्ग मात्र चिकट होतात.

आता जी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही ती सांगते. अशा मशीनचा चोथ्याचा डबा आणि खालचा ट्रे रोज रिकामा करून धुवावा लागतो. दुधाची नळी तर प्रत्येक वापरानंतर. आपल्याकडे दूध तापवून ठेवतात, त्यावर जाड साय धरते, आणि ती नळीत अडकली की दुसऱ्या दिवशी वास येतो. आतला कॉफी दाबणारा भाग आठवड्यातून एकदा बाहेर काढून नळाखाली धरायचा. पावसाळ्यात चोथा दोन दिवस राहिला तर बुरशी धरते. हे सगळं तुमच्या घरी कोण करणार? आईच करणार असेल, तर तिच्या वाढलेल्या वयात तुम्ही तिला एक रोजचं काम भेट देत आहात.

माझा सल्ला विचाराल तर पितळेचा किंवा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर द्या. वरच्या भांड्यात तीन चमचे पावडर घालून हलकी दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि पंधरा-वीस मिनिटं सोडून द्यायचं. खाली दाट डिकॉक्शन जमतं. ते थोडं कपात घेऊन वर हवं तितकं उकळतं दूध घातलं की कप आईच्या ओळखीचाच राहतो आणि चव कितीतरी पुढे जाते. ठाण्याहून माटुंगा लांब नाही. तिथे दाणे दळून, हव्या त्या प्रमाणात चिकोरी मिसळून मिळते. २० ते ३० टक्के चिकोरीपासून सुरुवात करा. चिकोरीला कॅफीन नसतं, पण ती डिकॉक्शनला दाटपणा आणि रंग देते, म्हणून भरपूर दुधातही कॉफी हरवत नाही. तयार पाकीट घेतलंत तर त्यावरचं प्रमाण वाचा. नियमाप्रमाणे मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरीही कायद्यात बसते.

फिल्टरला फार पैसे लागत नाहीत. उरलेल्या रकमेतून वर्षभर दर महिन्याला अर्धा किलो ताजी पावडर घरी पोहोचेल अशी सोय तिघांनी वाटून घ्या. आणि मन मशीनवरच अडलं असेल, तर आधी आईला एखाद्या चांगल्या कॅफेत नेऊन कापुचिनो पाजा. कशासाठी ते सांगू नका. कप पूर्ण संपला आणि तिने दुसऱ्यांदा मागितला, तरच पुढे जा.

१५ बारच्या मशीनपेक्षा २० बारचं चांगलं असतं का? भावाला द्यायचंय. — एक वाचक, बोरिवली

नाही. कॉफीच्या चकतीवर हवा तो दाब साधारण ९ बार. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्या आकिले गाज्जा यांनी स्प्रिंग आणि दांडा वापरून पाण्याला एवढा दाब दिला, तेव्हा एस्प्रेसोवर तो सोनेरी तपकिरी थर पहिल्यांदा दिसू लागला. त्याआधीची मशीनं नुसत्या वाफेच्या दाबावर चालत आणि कॉफी करपट काढत. खोक्यावर छापलेले १५ किंवा २० बार ही पंपाची कमाल क्षमता असते. चांगलं मशीन तो दाब झडपेने खाली आणतं.

बारपेक्षा ग्राइंडरचं विचारा. दळलेली कॉफी काही दिवसांतच सुगंध गमावते, आणि एस्प्रेसोला लागणारं बारीक, एकसारखं दळण घरच्या मिक्सरवर होत नाही. मिक्सरचं पातं दाणे फोडतं, त्यात पीठही असतं आणि कण्याही. भाऊ तयार दळलेलीच पावडर आणणार असेल, तर दुहेरी तळाची गाळणी असलेलं मशीन घ्या. त्या गाळणीचं छिद्र अगदी लहान असतं आणि दळण कमीजास्त असलं तरी दाब टिकतो. त्याला या विषयात खोल शिरायचं असेल, तर रक्कम निम्मी-निम्मी वाटा : निम्मी मशीनला, निम्मी दोन चकत्यांमध्ये दळणाऱ्या ग्राइंडरला. पैसे कमी असतील तर नुसता हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर द्या. तो पुढच्या प्रत्येक मशीनबरोबर वापरता येईल.

माझी नणंद न्यू जर्सीहून येतेय. तिकडे एक नामांकित एस्प्रेसो मशीन सेलमध्ये स्वस्त मिळतंय. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला ते पुण्यात आणून द्यावं, असं आमच्या मनात आहे. ॲडॉप्टर लावून चालेल ना? — एक वाचक, पुणे

कृपा करून आणू नका. अमेरिकेतली घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. ॲडॉप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालतो, कारण तो १०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेला असतो. मशीनचा हीटर तसा नसतो. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झालं की हीटरमधली उष्णता साडेतीन पटींहून अधिक होते. फ्यूज गेला तर नशीब, नाहीतर मशीन जळतं.

ट्रान्सफॉर्मर लावू, असं कोणी सुचवेल. १४०० वॉटच्या मशीनला निदान २००० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागेल. म्हणजे ओट्यावर आणखी एक जड, गरम होणारी पेटी, तीही पाण्याच्या शेजारी. आणि त्याने व्होल्टेज बदललं तरी हर्ट्झ बदलत नाहीत. घरगुती मशीनमधला छोटा पंप विजेच्या त्याच ठेक्यावर धडधडतो, त्यामुळे ५० हर्ट्झवर त्याचा वेग घटतो. वॉरंटी इथे चालेल का, तेही खरेदीआधीच लेखी विचारावं लागेल. पंचाहत्तरीतल्या माणसाच्या गळ्यात हे सगळं कशाला?

नातेवाईक लंडन, जर्मनी किंवा दुबईहून येत असते, तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, फक्त प्लग बदलावा लागतो. नणंदेला सामानात काही आणायचंच असेल तर हाताने दाबून कॉफी काढायचं एरोप्रेस आणू दे. वीज नको, फुटत नाही, आणि एक कप कॉफी दोन मिनिटांत होते.

मशीन इथेच घ्याल, तेव्हा सासऱ्यांच्या स्वयंपाकघरातला प्लग आधी पाहून या. १४०० वॉट म्हणजे ६ अँपिअर. ओट्यावरच्या लहान प्लगवर एवढा भार नको. १६ अँपिअरचा पॉवर प्लग हवा, आणि बहुतेक घरांत त्यावर आधीच मायक्रोवेव्ह असतो. एक्स्टेन्शन बोर्डवर मशीन चालवू नका. वरच्या कपाटाची उंचीही मोजा. दाणे आणि पाणी वरून घालायची मशीनं कपाटाखाली बसतात, पण त्यांचं झाकण उघडत नाही.

वडील कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेतात. डॉक्टरांनी दिवसाला दोन कप कॉफीची परवानगी दिली आहे. त्यांना बिनदुधाची आवडते. फ्रेंच प्रेस घेऊ की मशीन? — एक वाचक, अमरावती

दोन्ही नको. कॉफीच्या दाण्यात तेल असतं आणि त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो. तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. फ्रेंच प्रेसची धातूची जाळी तो अडवत नाही, म्हणून तो कपात उतरतो. एस्प्रेसोतही काही प्रमाणात येतो. कागदी फिल्टर मात्र जवळजवळ सगळा अडवतो. हा कागद १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने आणला. तिला फक्त कपातला गाळ नको होता, त्यासाठी तिने मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून पाहिला. तिची ती युक्ती तुमच्या वडिलांच्या उपयोगी पडेल.

चिनी मातीचं शंकूसारखं ड्रिपर, कागदांची दोन पाकिटं आणि एक छोटा वजनकाटा द्या. १५ ग्रॅम मध्यम जाड दळलेली कॉफी, २४० मिलिलिटर पाणी. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबा. आधी पावडर भिजेल इतकंच ओता, ती फुगून येऊ द्या, मग बाकीचं सावकाश गोल फिरवत. तीन मिनिटांत कप तयार. निवृत्त माणसाला सकाळी हातांना असं काम आवडतं, असा माझा अनुभव आहे. हाताला कंप असेल किंवा उकळतं पाणी ओतणं अवघड जात असेल, तर कागदी फिल्टरचंच विजेवरचं ड्रिप मशीन घ्या. मशीनमध्ये सगळ्यांत कमी कटकटीचं तेच.

आणि तुम्ही अमरावतीचे, म्हणजे कॉफीच्याच जिल्ह्यातले. चिखलदऱ्याला कॉफी होते, हे महाराष्ट्रातल्याही पुष्कळांना माहीत नसतं. तिकडे जाणं झालं तर तिथली थोडी घेऊन या आणि भेटीबरोबर ठेवा. घराजवळच्या डोंगरावरची कॉफी आपण गाळून पितोय, याचा आनंद त्यांना नक्की होईल.

मैत्रिणीच्या लग्नात एस्प्रेसो मशीन देतोय. तिच्या नव्या घरी बोअरवेलचं पाणी आहे, बादलीवरसुद्धा पांढरे डाग पडतात. अडचण येईल का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

येईल. जे क्षार बादलीवर दिसतात तेच मशीनच्या आत, हीटरवर आणि सुईएवढ्या नळ्यांमध्ये बसतात. आधी पाणी तापायला वेळ लागतो, मग धार बारीक होते, मग पंप घरघरतो. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांत क्षारांनी बुजलेलीच जास्त असतात. वापरणारे मात्र मशीनला दोष देतात.

घरी आरओ असेल तर त्याचं पाणी वापरायला सांगा. पण ते अगदीच मऊ नको. क्षार पूर्ण गेले तर कॉफी फिकी लागते, आणि काही मशीनांना टाकीत पाणी आहे हेच कळत नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ७५ ते २५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावेत. १५० च्या आसपास असतील तर उत्तम. आरओवाल्याला सांगितलं तर तो जुळवून देतो. मशीनबरोबर क्षार काढायची पावडर नक्की द्या, आणि खोक्यातल्या पुस्तिकेत सांगितलं असेल तितक्या वेळाने ती वापरायला सांगा. व्हिनेगर नको. त्याचा वास राहतो आणि रबरी वॉशर खराब होतात.

नुकतं लग्न झालेलं जोडपं, भाड्याचं घर, वर्षाला बदलणारं. काय देऊ? — एक वाचक, नवी मुंबई

मोका पॉट. इटलीत तो १९३३ साली आला आणि पुढे घराघरांत पोहोचला. गॅसवर चालतो, बिघडण्यासारखं त्यात रबराच्या रिंगेशिवाय फारसं काही नाही, आणि घर बदलताना पिशवीत मावतो. कॉफी एस्प्रेसोइतकी दाट नसते, पण दुधाला पुरून उरते. दोन गोष्टी पाहून घ्या. त्यांच्याकडे इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा चालणार नाही, स्टीलचा घ्या. आणि आपल्या शेगड्यांवर लहान पॉट नीट उभा राहत नाही, कलंडतो. त्यासाठी बर्नरवर ठेवायची छोटी जाळी मिळते, तीही द्या. सोबत दळलेल्या कॉफीचं पाकीट ठेवणार असाल तर त्यावर भाजल्याची तारीख पाहा. नुसती ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ एवढंच छापलेलं पाकीट घेऊ नका. आणि समारंभाच्या आठवड्यातच विकत घ्या, महिनाभर आधी नको.