हेरखातं उभारलं म्हणून पदक?

प्रश्न : लढणाऱ्या जवानाला पदक मिळतं हे समजतं. पण लष्कराचं हेरखातं ‘उभारल्याबद्दल’ एका अमेरिकन अधिकाऱ्याला पदक मिळाल्याचं वाचलं. खातं उभारणं म्हणजे नेमकं काय केलं? – एक वाचक, सातारा

उत्तर : मुळात ते पदक शौर्याचं नव्हतं. अमेरिकेत १९१८ साली सुरू झालेलं ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ मोठी जबाबदारी उत्तम निभावल्याबद्दल देतात. टेबलापाशी बसून काम करणाऱ्यालाही ते मिळू शकतं. तुम्ही वाचलेले अधिकारी राल्फ व्हॅन डेमन यांना ते असंच मिळालं.

हेर म्हटलं की आपल्याला वेषांतर करून फिरणारे बहिर्जी नाईक आठवतात. पण बातमी आणली की काम निम्मंच होतं. ती नोंदवायची, दुसऱ्या बातमीशी ताडून बघायची आणि ज्याला हवी त्याच्या हाती वेळेत द्यायची. व्हॅन डेमन यांचा हात बसलेला होता तो या उरलेल्या निम्म्यावर. गृहस्थ हार्वर्डचे पदवीधर, शिवाय डॉक्टर. १९०१च्या सुमारास फिलिपिन्समध्ये अमेरिकेविरुद्धचं बंड मोडताना त्यांनी मनिलात वजनदार स्थानिक माणसांची कार्डं बनवली : दिसतो कसा, पैसा किती, सोयरे कोण, कल कुणाकडे. ठाण्याठाण्यावरून बातम्या येत आणि ज्याच्या त्याच्या कार्डावर चढत.

१९१५मध्ये ते वॉशिंग्टनला परतले तेव्हा वेगळंच चित्र होतं. लष्कराचा माहिती विभाग १९०८मध्येच दुसऱ्या विभागात विरून गेला होता. परदेशांतून अहवाल येत होते, पण कपाटात पडून राहत होते. एप्रिल १९१७मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. व्हॅन डेमन स्वतंत्र खातं मागायला गेले, तर लष्करप्रमुख ह्यू स्कॉट यांचं म्हणणं, ‘इंग्रज-फ्रेंचांकडे हेरखाती आहेत, त्यांच्याकडून माहिती मागून घेऊ!’ वर युद्धमंत्र्यांकडे जायचीही मनाई.

मग मेजर व्हॅन डेमननी आडवाट धरली. त्यांच्या आठवणींनुसार, लष्करी तळ बघायला आलेल्या एका कादंबरीकार बाईंच्या आणि शहराच्या पोलिसप्रमुखांच्या तोंडून त्यांनी ही गोष्ट युद्धमंत्री न्यूटन बेकर यांच्या कानी घातली. बेकरनी बोलावून घेतलं, सगळं विचारलं आणि ३ मे १९१७ रोजी खातं निघालंसुद्धा.

सुरुवातीला हाताशी जेमतेम दोन-चार माणसं. व्हॅन डेमननी ब्रिटिशांच्या धर्तीवर कामाची वाटणी केली : परदेशी बातम्या एकीकडे, लष्करातल्या फितुरीचा शोध दुसरीकडे. आठव्या शाखेत सांकेतिक संदेश फोडायचे. ती त्यांनी परराष्ट्र खात्यातल्या हर्बर्ट यार्डली या तरुण कारकुनाकडे दिली. युद्ध संपेपर्यंत खात्यात हजारावर माणसं होती. पदक मिळालं ते या मांडणीबद्दल.

नाण्याची दुसरी बाजूही आहे. देशातले ‘गद्दार’ हुडकायला खात्याने हौशी नागरिकांच्या संघटनेची मदत घेतली आणि निरपराध माणसंही संशयात भरडली गेली. खुद्द व्हॅन डेमन १९२९मध्ये मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले, सॅन दिएगोला स्थायिक झाले, पण नोंदी थांबल्या नाहीत. १९५२मध्ये मृत्यू होईपर्यंत ते खाजगीत माहिती जमवत राहिले. फिलिपिनो पुढाऱ्यांवर बसलेला हात आता स्वतःच्याच देशातल्या डाव्या नि कामगार कार्यकर्त्यांच्या नोंदी करत होता.