पाण्यासकट देश

१. संस्कृतातून गेलेला शब्द परदेशात भेटला की आपण उगाचच यजमानाच्या थाटात वावरू लागतो. जकार्तात 'बुमी' म्हणजे पृथ्वी आणि 'इबू पर्तिवी' म्हणजे भूमाता हे कळल्यावर माझी मान आठवडाभर ताठ होती. ती खाली आली घरमालकीणबाईंच्या टेबलावरच्या कागदामुळे: 'पाजाक बुमी दान बांगुनान', जमीन आणि इमारतीवरचा कर! भूकंपसुद्धा 'गेंपा बुमी'च. शब्द कुठून आला याची तिथे कुणाला फिकीर नाही, आणि ती का असावी?

२. मायदेशासाठी इंडोनेशियातल्या लोकांचा खरा जिव्हाळ्याचा शब्द वेगळाच, 'तानाह आयर'. माती-पाणी. मला आधी ते नुसतं काव्य वाटलं. पण डच काळच्या नियमाप्रमाणे प्रत्येक बेटाभोवतीचं फक्त ३ सागरी मैल पाणी देशाचं होतं. म्हणजे जावाहून बोर्निओला निघालेली बोट वाटेत चक्क देशाबाहेर जायची! १३ डिसेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जुआंदा यांनी बेटांमधला सगळा समुद्र आमचाच, असं जाहीर केलं. १९८२च्या सागरी कायद्याच्या करारात द्वीपसमूह-राष्ट्राची ही कल्पना जगाने मान्य केली. देश म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे जमीनच येते; समुद्र ही आमच्या लेखी संपण्याची जागा. तिथे तो मधला रस्ता आहे.

३. पुन्हा 'बुमी'कडे वळू. आपला भूमिपुत्र सभांमध्ये गाजतो, मलेशियातला 'बुमीपुत्रा' घराच्या जाहिरातीत सवलतीच्या टक्क्यांशेजारी बसतो. १९७१च्या नव्या आर्थिक धोरणाने त्याला बळ दिलं. मलय आणि तिथले मूलनिवासी त्यात येतात. तीन पिढ्या तिथेच जन्मलेला तमिळ येत नाही. तोच फ्लॅट त्याला पूर्ण किमतीत. मुंबईत वाढलेल्या मला यावर शहाणपणाचं काही बोलवेना.

४. इंडोनेशियात याच घराण्यातला 'प्रिबुमी', म्हणजे मूळ रहिवासी, हा शब्द आणखी जपून उच्चारावा लागतो. मे १९९८च्या दंगलीत चिनी वंशाच्या लोकांची दुकानं जळत असताना इतरांनी आपल्या शटरवर 'प्रिबुमीच्या मालकीचं' असं रंगवून ठेवलं होतं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष हबिबींनी सरकारी कारभारातून हा शब्द काढायचा आदेश दिला. २०१७मध्ये जकार्ताचे नवे गव्हर्नर अनिस बास्वेदान यांच्या पहिल्याच भाषणात तो पुन्हा आला आणि गदारोळ झाला. बास्वेदान यांचे पूर्वज मूळचे येमेनकडचे.