पाळीव कुत्र्याची आक्रमकता

घरात वाढलेला कुत्रा एके दिवशी घरातल्याच माणसावर गुरगुरतो, तेव्हा कुटुंबाची पहिली प्रतिक्रिया बहुधा संतापाची असते. ज्याला आपल्या हाताने खाऊ घातले तोच दात विचकतो, ही कृतघ्नता होय, असे समजून कोणी त्याला काठीने मारतो, कोणी अंगणात कायमचे साखळीने बांधून ठेवतो, तर कोणी त्याला गावाबाहेर नेऊन सोडतो. पहिल्या दोन उपायांनी आक्रमकता सहसा वाढतेच. प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सबळ कारणाविना टाकून देणे, हा तर भारतात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार अपराध आहे. म्हणून शिक्षेपूर्वी कारणाचा शोध घेणे इष्ट ठरते.

कारणे

आक्रमकतेचे एक अत्यंत सामान्य कारण म्हणजे भीती. पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांशी ओळख जडण्याच्या दृष्टीने निर्णायक असतो, हे स्कॉट व फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. या काळात ज्या पिल्लाला अनोळखी माणसे, लहान मुले, वाहने यांचा सौम्य परिचय घडत नाही, ते पुढे त्यांना भिण्याचा संभव अधिक असतो. दुसरे कारण म्हणजे अन्न, हाड अथवा झोपण्याची जागा हिरावली जाईल ही धास्ती. तिसरे कारण वेदना. कानातील संसर्ग, किडलेला दात किंवा दुखणारा सांधा यांमुळे वर्षानुवर्षे शांत असलेला कुत्राही स्पर्श होताच चावू शकतो. म्हणून वागणुकीत अकस्मात बदल दिसल्यास प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी.

गुरगुरण्याचा अर्थ

कुत्रा क्वचितच पूर्वसूचनेवाचून चावतो. आधी तो मान फिरवितो, ओठ चाटतो, जांभई देतो. मग त्याचे अंग ताठरते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो आणि त्यानंतर तो गुरगुरतो. ‘दूर राहा’ हे सांगण्याचे हे त्याचे साधन होय. गुरगुरल्याबद्दल मार बसला, तर कुत्रा गुरगुरणे सोडतो. भीती मात्र तशीच राहते. पुढच्या वेळी तो एकदम चावतो आणि घरातील मंडळी म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला.’ वस्तुतः त्याची सूचना त्यांनीच बंद पाडलेली असते. ज्या घरात लहान मूल आहे तेथे ही चूक फार महाग पडते.

मालकाने कुत्र्यावर ‘वर्चस्व’ गाजवावे, त्याला उताणे पाडून दाबून धरावे, असा सल्ला आजही दिला जातो. या समजुतीचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर केलेल्या व १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. ते लांडगे बंदिस्त जागेत होते. मोकळ्या रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे सामान्यतः आई-वडील व त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, हे डेव्हिड मीच यांनी १९९९ साली स्पष्ट केले. भ्यालेल्या कुत्र्याला दाबून धरल्यास त्याची भीती दुणावते व माणसाला चावा बसतो.

उपाय

पहिला उपाय प्रसंग टाळण्याचा. पाहुणे येताच जो भुंकून अंगावर जातो, त्याला आधीच दुसऱ्या खोलीत ठेवावे. जेवताना जो गुरगुरतो, त्याला एकांतात जेवू द्यावे आणि मुलांना त्याच्या थाळीजवळ फिरकू देऊ नये. आवश्यक तेव्हा तोंडाला जाळीदार मुसके घालावे. त्यातून त्याला धापा टाकता व पाणी पिता आले पाहिजे.

त्यानंतर शिक्षण. घंटेच्या आवाजामागून अन्न येते असा अनुभव वारंवार आला, की नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांतून पुढे आलेले हे तत्त्व येथे उपयोगी पडते. अनोळखी माणूस इतक्या अंतरावर उभा करावा, की कुत्र्याला तो दिसेल पण तो ताठरणार नाही. माणूस दिसताच आवडता खाऊ द्यावा. माणूस दिसेनासा होताच खाऊ थांबवावा. काही दिवसांनी अंतर थोडे कमी करावे. कुत्रा गुरगुरला, तर आपण घाई केली असे समजून अंतर पुन्हा वाढवावे. यास अनेक आठवडे, कधी महिने लागतात. चाव्याने जखम झाली असल्यास हा प्रयोग प्राणिवर्तनाचे ज्ञान असलेल्या पशुवैद्याच्या देखरेखीखालीच करावा. काही कुत्रे पूर्णपणे निर्धास्त होत नाहीत. त्यांच्याबाबत दक्षता जन्मभर बाळगावी लागते.

चावा बसल्यास

जखम लागलीच साबण व वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावी. तीवर मिरची, हळद वा चुना लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लशीविषयी विचारावे; चावणारा कुत्रा घरचा आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. रेबीजची लक्षणे प्रकट झाल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, परंतु वेळेवर उपचार झाल्यास तो टळतो. पाळीव कुत्र्याला पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे नियमित लस टोचून घ्यावी.

लहान मूल व कुत्रा यांना कधीही एकटे सोडू नये, मग कुत्रा कितीही गरीब असो. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांपाशी असलेल्या कुत्रीला हात लावू नये आणि कुत्रा गुरगुरताच शांतपणे मागे सरून मोठ्यांना सांगावे, एवढे मुलांना अवश्य शिकवावे.