उधळ्या पुत्राचा दाखला : दुष्काळ कुणाला आठवतो?

अभ्यासासाठी वाचा : लूक १५:११-३२

हा दाखला आपल्याला इतका पाठ आहे की पुस्तक न उघडताही सांगता येईल. तेच करून पाहा. धाकटा उपाशी का राहिला, असे घरातल्या एकेकाला विचारा. बहुतेक जण म्हणतील, बापाचा पैसा उडवला म्हणून.

मार्क ॲलन पॉवेल या अमेरिकन अभ्यासकाने आपल्या देशातल्या १०० जणांना हा दाखला वाचून आठवणीने सांगायला लावला. दुष्काळाचा उल्लेख केला तो फक्त ६ जणांनी! रशियातील सेंट पीटर्सबर्गमध्ये मात्र ५० पैकी ४२ जणांना तो आठवला. हे शहर, तेव्हाचे लेनिनग्राड, १९४१ ते १९४४ या काळात वेढ्यात सापडले होते आणि लाखो माणसे भुकेने मेली होती. टांझानियात बहुतेकांनी तिसरेच कारण दिले : त्याला कोणी काही खायला दिले नाही. परक्याला उपाशी ठेवले, हा त्या गावाचा दोष. वचने १३, १४ व १६ पाहा. तिन्ही कारणे शुभवर्तमानात आहेत.

आपल्या उचगावच्या आसपास ऊस उभा असतो, म्हणून चौदावे वचन कानावरून सहज निसटते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडी आणि मिलो खाल्लेल्या आजीला विचारा, तिचे निसटणार नाही. आपल्याला खटकते ती वाटणी. बाप जिवंत असताना हिस्सा मागणारा पोरगा सातबाऱ्याच्या गावात कुणाला आवडेल? आपण मनातून थोरल्याच्या बाजूचे असतो. शेतात राबला तो. पण ज्याला जो वाटेल तो अर्थ, असेही नाही. हा दाखला कुरकुर करणाऱ्या परूश्यांना व शास्त्र्यांना सांगितलेला आहे (१५:२). थोरल्याची कुरकुर त्यांचीच.

आणि सोळावे वचन? दर हंगामात बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन येतात आणि आपल्या शिवारात खोपी घालून काही महिने राहतात. त्यांच्या दृष्टीने दाखल्यातला दूर देश म्हणजे आपलेच गाव.

कौटुंबिक प्रार्थनेत चर्चेसाठी :
१. तुम्ही आठवणीने सांगताना काय गळले?
२. खोपीत राहणारी बाई हा दाखला कुठून सांगायला सुरुवात करील?
३. या घरात आईचा उल्लेखच नाही, हे प्रथम कुणाच्या लक्षात आले?